पेप्टाइडचं इंजेक्शन सुरू करताय? आधी एवढं पाहा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. इन्सुलिनमध्ये अशी 51 आम्लं असतात. इन्सुलिन गिळलं तर पोटात पचून जातं, म्हणून ते सहसा टोचून घेतात.

भाऊ, सगळ्यात घातक गफलत सिरिंजची. दर मिलिलिटरला 40 युनिट इन्सुलिन असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 युनिटवालीला नारिंगी. 100 चं औषध लाल सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. अडीचपट! साखर झपकन उतरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते. दुकानातच बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून घ्या.

न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेली टाकूनच द्यायची, वितळली तरी. वापरातली बहुतेक इन्सुलिनं 30 अंशांखाली साधारण 28 दिवस टिकतात. मे महिन्यात आपल्या लातूर-बीडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि लाइटही जाते. अशा वेळी बाटली घट्ट डबीत घालून ओल्या वाळूतल्या मातीच्या भांड्यात ठेवा. गाडीच्या डिकीत अजिबात नको.

सेमाग्लुटाइड हे साखर उतरवणारं दुसरं पेप्टाइड. त्याचं इंजेक्शन मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा: पहिले चार आठवडे 0.25 मिलिग्रॅम, मग 0.5. घाईनं मात्रा वाढवली की उलट्या होतात, आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण येतो.

जिममध्ये मिळणारी बीपीसी-157 या पेप्टाइडची पूड मात्र घेऊच नका. ते मंजूर औषध नाही. कुपीत नेमकं काय आणि किती आहे, याची खात्री कुणीच देत नाही.