रात्रीचा हत्ती आणि गणपतीची सुट्टी : कृषी सल्ला

प्रश्न : मी कळव्याला राहतो. दोडामार्ग तालुक्यात वडिलोपार्जित बाग आहे. गेल्या आठवड्यात हत्तीने चार माड आडवे केले. गणपतीला गावी गेलो की मांगरात (बागेतल्या खोपटात) रात्रभर जागून तो येतो कुठून, करतो काय ते बघणार आहे. बॅटरी कोणती घेऊ?

उत्तर : बॅटरीचं नंतर, आधी मांगर सोडा. आत भात किंवा फणस असला की त्याला वास लागतो, आणि मातीची भिंत त्याच्यापुढे किती टिकणार? बसायचंच तर पक्क्या घराच्या गच्चीवर, वनखात्याच्या माणसाला सांगून. तोंडावर झोत मारू नका, बिथरतो.

हत्तीची नजर बेताची, नाक मात्र जबर. पायाखाली जाड गादी असल्याने चालल्याचा आवाज जवळपास नसतोच. म्हणून कान लावायचा तो खाण्याकडे : केळ फाटल्याची चरचर, झावळ मोडल्याचा कडाका. माड पाडतो तो शेंड्यातल्या कोवळ्या गाभ्यासाठी. कान हलताहेत, सोंड चालू आहे, तोवर तो आपल्या नादात. सगळं एकदम थांबलं, कान पसरले, सोंड हुंगायला वर गेली, की त्याला तुमचा पत्ता लागला. गुपचूप आत या. मदातल्या, म्हणजे माजावर आलेल्या नराच्या गालावर ओघळ असतो, पण अंधारात तो कुठला दिसायला. एकटा सुळेवाला मदातच आहे असं धरून चाला. पाऊस जोरात असेल तर काहीच ऐकू येत नाही, त्या रात्री सरळ झोपा.

खरी माहिती सकाळी मिळते. चिखलात पुढच्या पायाचा ठसा शोधा, दोरीने घेर मोजा, दुप्पट करा : साधारण तेवढी त्याची खांद्यापर्यंतची उंची. साडेचार फूट भरला तर हत्ती नऊ फुटी. ठसे कुठल्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) आत आलेत तेही बघा, वाट कळते. पडलेले माड पंचनाम्याआधी तोडू नका. फोटो काढा आणि ३ दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, हेल्पलाइन १९२६. कुंपणात वीज सोडायचा सल्ला गावात कोणीतरी देईलच. तो ऐकू नका : माणूस मरतो, आणि हत्ती मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तुम्ही आत.

प्रश्न (मुरबाड) : एका रात्रीत भात लोळवलं. इकडेही हत्ती आला का?

उत्तर : नाही. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले ते दोडामार्गाच्या बाजूला. ठाणे जिल्ह्यात रानटी हत्ती नाहीत. बांध नांगरल्यासारखा उकरलाय आणि दुभंगलेल्या खुरांच्या खुणा आहेत का बघा. असतील तर रानडुक्कर. अर्जाची मुदत तीच, ३ दिवस.