खाडाखोड केलेली वही फेअर करू नका

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. सातवीपासून त्याला कॉमिक्स काढायचा नाद आहे. अकरा वह्या भरल्या, पण एकही गोष्ट पुरी झालेली नाही. वह्यांत नुसती खाडाखोड, कुणाला दाखवायची लाज वाटते. चांगली चित्रं वेगळी फेअर करून ठेव म्हटलं, तर चिडून पानंच फाडतो. यांचं म्हणणं, आधी बारावी होऊ दे. यात खरंच करिअर होतं का? सोबत सहा फोटो पाठवते आहे. — एक आई, सातारा

उत्तर : ताई, नमस्कार.

सहाही फोटो मोठे करून पाहिले. पहिली तीन पानं सफाईदार आहेत, पण डोळे, केस, हवेतली उडी हे सगळं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, पाहून उतरवलेलं आहे. त्यात गैर काही नाही, हात असाच बसतो. खरी गोष्ट चौथ्या फोटोत आहे, ज्याखाली तुम्ही ‘हे असं असतं बघा’ म्हणून लिहिलंय. त्यात किल्ल्याच्या पायऱ्या तीनदा काढल्या आहेत : समोरून, बाजूनं आणि थेट वरून. वरून काढलेल्या चौकटीभोवती गोल केलाय आणि शेजारी बारीक अक्षरात ‘इथून एकटा दिसतो’ असं लिहिलंय. खाली ‘आई’ खोडून ‘आजी’ केलंय.

ताई, कॉमिक्सचं काम म्हणजे हेच. कुठून बघायचं, किती जवळून, कोणता क्षण घ्यायचा, कोणता गाळायचा. तुमचा मुलगा हे निर्णय कारणासकट कागदावर घेतोय. म्हणून फेअर करायला सांगू नका. फेअर केलेल्या पानावर फक्त हात दिसतो, विचार पुसला जातो.

बेल्जियमचा चित्रकार हर्जे आपल्या ‘टिनटिन’ या कॉमिक्सची पानं याच वाटेनं करायचा. आधी पेन्सिलीचा आराखडा, एकाच अंगावर रेषांवर रेषा. मग त्या गुंत्यातली सगळ्यांत जिवंत रेष ट्रेसिंग पेपरनं उचलून स्वच्छ पानावर. छापील पानावरची ती शांत, एकसारखी रेष अशा रानातून आलेली असते.

इथून पुढचं चिरंजीवांना वाचायला द्या.

बाळा, एका वहीत सगळं कोंबतोस, त्याऐवजी तीन वह्या कर. खिशात मावणारी ए-६ वही फक्त बघून काढण्यासाठी. तिच्यात पेन्सिल नको, बॉलपेन वापर. खोडता येत नाही म्हटल्यावर आधी नीट बघितलं जातं. एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभा राहा, एका माणसाला दोन मिनिटं. चेहरे सोड, पाठी काढ : पिशवी कोणत्या खांद्याला, वजन कोणत्या पायावर, बस लागल्यावर माणूस आधी मान वळवतो की पाऊल उचलतो. दुसरी कामाची वही, ए-४, कोरी. डाव्या पानावर शब्द, उजव्यावर चौकटी, वर तारीख. तिसरी पात्रांची. प्रत्येक पात्र समोरून, बाजूनं, मागून आणि तिरपं, शिवाय सहा भाव. उंची डोक्यांच्या मापात लिही, मोठा माणूस साधारण सात डोकी, लहान मूल पाच. मग पात्राची फक्त बाह्यरेषा काढून आत काळं भर. तेवढ्यावरून आजी ओळखू आली नाही, तर तिला पदर, काठी, पाठीचा बाक यांपैकी काहीतरी दे. ही वही नाही म्हणूनच तुझ्या नायकाचं नाक प्रत्येक पानावर बदलतंय.

कामाच्या वहीत प्रत्येक पानाचं थंबनेल, म्हणजे छोटा कच्चा आराखडा, ५ बाय ७.५ सेंटिमीटरच्या चौकोनात काढ. यापेक्षा मोठं केलंस की हात नटवायला लागतो. काडीची माणसं पुरेत, पण संवादांचे फुगे मात्र आत्ताच दाखव. एका पानाची तीन थंबनेल झाल्याशिवाय एक निवडायचं नाही. पहिलं बहुतेक कुठेतरी पाहिलेलंच निघतं.

पाचव्या फोटोत नऊ सारख्या चौकटी आहेत आणि कडा कोसळतो तो नवव्या चौकटीत. वाचणारा पान उघडतो तेव्हा त्याची नजर आधी पानभर फिरते. कडा त्याला तेव्हाच दिसला, मग आधीच्या आठ चौकटींतली धडधड गेली. धक्का नेहमी पान उलटल्यावर द्यायचा. पुस्तकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं, सम आकड्याचं डावीकडे. म्हणजे प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत टाक आणि उत्तर पुढच्या सम पानाच्या पहिल्या चौकटीत, तेही मोठ्या. चार पानांच्या गोष्टीत पान उलटण्याच्या जागा दोनच, पहिलं पान संपताना आणि तिसरं संपताना. कडा यांपैकी एका जागी कोसळू दे.

तुझ्या गोष्टी पुऱ्या होत नाहीत याला आळस हे कारण नाही. पहिलं पान तू थेट शाईनं पक्कं करतोस, तेव्हा शेवट ठरलेलाच नसतो. तिसऱ्या पानावर काहीतरी बदलावंसं वाटतं, पण पहिली दोन पानं मोडवत नाहीत. मग सगळंच सुटतं. यापुढे चारच पानांची गोष्ट घे. शेवटची चौकट आधी काढ. चारही पानांची थंबनेल होईपर्यंत शाईची बाटली उघडू नकोस. नंतर चारही पानांची पेन्सिल, मग चारही पानांची शाई. पान पुरं करून पुढच्या पानाकडे जाऊ नकोस.

आता अक्षरं. दुसऱ्या फोटोत सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे. तू चित्र पुरं केलंस आणि उरलेल्या जागेत फुगा कोंबलास. इंग्रजी कॉमिक्समधली कॅपिटल अक्षरं एका उंचीची असतात, त्यामुळे ओळी जवळजवळ लावता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतो, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. शिवाय ‘उतरल्याशिवाय’सारखा शब्द मध्येच तोडला तर वाचताना ठेच लागते. मराठी फुगा त्यामुळे रुंद ठेवावा लागतो. ए-३ कागदावर अक्षराचं अंग (मात्रा-उकार सोडून उरलेली उंची) ५ मिलिमीटर आणि ओळीपासून ओळ ११ ते १२ मिलिमीटर धर. ए-४ वर छापताना सगळं सुमारे ७१ टक्के होतं, तेव्हा ‘ष्ट’, ‘द्ध’ची पोटं भरून येता कामा नयेत. एका फुग्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत. आणि आधी बोलणारा डावीकडे उभा कर. तुझी आजी उजवीकडे असून आधी बोलते, म्हणून फुग्यांची शेपटं एकमेकांना कापतात. अक्षरांच्या फिक्या ओळी आखून झाल्यावरच माणसं काढायला घे.

साहित्यावर फार खर्च नको. चित्रकलेच्या वहीच्या साध्या कागदावर शाई फुटते आणि खरखरीत कार्ट्रिज कागदावर टाकाचं निब तंतूत अडकून शिंतोडे उडतात. गुळगुळीत आयव्हरी कार्ड घे. आपल्याकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, एक निब, २ नंबरचा ब्रश, बस. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर फिरवू नकोस, काळा भाग राखाडी होतो. छापल्यावर पानाच्या कडा कापतात, म्हणून चित्र कडेबाहेर ३ मिलिमीटर वाढव आणि अक्षरं कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेव. काळ्या रेषेचं स्कॅन ६०० डीपीआयला, रंगीत पानाचं ३०० ला.

ताई, एका रविवारी त्याला औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात घेऊन जा, आपल्याच जिल्ह्यात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांचं चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झालं. तिथल्या कोणत्याही एका प्रसंगचित्रासमोर त्याला बसवा. चित्रकारानं कोणता क्षण धरलाय ते लिहायचं आणि त्याच्या आधीचे तीन, नंतरचे दोन क्षण कामाच्या वहीत काढायचे. एवढ्यात सहा चौकटींचं पान तयार होतं.

मुलाच्या बाबांचं म्हणणं चूक नाही, बारावी व्हायलाच हवी. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, चार वर्षांचं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करता येतं आणि त्यासाठी राज्याची एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि कलेचं सामान्यज्ञान असतं. स्मरणचित्रात भल्याभल्यांची माणसं ताठ उभी राहतात. स्टँडवर रोज दहा मिनिटं पाठी काढणाऱ्याची राहणार नाहीत. बीएफएला उपयोजित कला (अप्लाइड आर्ट) निवडली तर इलस्ट्रेशनकडे जाता येतं. एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आणि आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन विभागाचे मार्गही आहेत, त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या.

पैशाचं स्पष्टच सांगते. फक्त कॉमिक्सवर घर चालवणारे आपल्याकडे थोडे आहेत. पण जाहिरात आणि चित्रपटांचे स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी चौकटींत काढलेले प्रसंग), मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं, अॅनिमेशन, गेम या सगळ्यांना हेच कौशल्य लागतं, आणि स्टोरीबोर्डचं काम देणारे कच्ची पानं आवर्जून बघतात. शिवाय सगळं एकट्यानंच करावं लागतं असंही नाही. ‘चिंटू’ १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं केला. तुमच्या मुलाला संवाद जड जात असतील, तर लिहिणारा मित्र शोधू दे.

कुणी त्याचं चित्र छापायला मागितलं तर दर, किती वेळा दुरुस्ती आणि कुठे, किती काळ वापरणार हे कागदावर घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत सही तुम्हा दोघांपैकी एकाची लागेल, तेव्हा वाचून करा.

आठवड्याला सहा तास दिले तर चार पानं तीन महिन्यांत होतात आणि अकरावीच्या अभ्यासालाही धक्का लागत नाही. झाली की फोटो पाठवा, थंबनेलसकट. आणि फाडलेली पानं अजून घरात असतील तर गोळा करा. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. पाकिटात घाला, वर वहीचा नंबर टाका आणि ते पाकीट त्याच वहीत ठेवा.