लाँच जोरात झालं, आता वाढ टिकवायची तर कंपनीत काय बदलायचं?

लाँचला झकास प्रतिसाद, दोन-तीन महिन्यांत नवीन ग्राहक कमी, म्हणून आता मार्केटिंगचं बजेट वाढवू की टीम वाढवू, असं तुम्ही विचारलंय. मी तर म्हणेन दोन्ही थोडं थांबवा आणि आधी हे बघा की पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी आज किती जण खरंच प्रॉडक्ट वापरतायत.

समजा तुमचं महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे आणि दर महिन्याला ५ टक्के लोक सोडून जातात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या वेगाने आजच्या ग्राहकांपैकी जवळपास ४६ टक्के वर्षभरात गेलेले असतात. शिवाय तुम्ही दर महिन्याला १०० नवीन आणत राहिलात तरी एकूण आकडा २००० पाशी अडकतो, कारण तिथे १०० येतात आणि १०० च जातात. हीच गळती २ टक्क्यांवर आणली तर तेवढ्याच मेहनतीत ती मर्यादा ५००० होते! एवढा फरक जाहिरातीने पाडायचा म्हटलं तर किती पैसे लागतील विचार करा.

गूगलचं फेसबुकसारखं सोशल नेटवर्क, गूगल प्लस, आठवतंय का? २०११ ला आलं, सुरुवातीला धडाधड अकाउंट उघडली गेली, आणि २०१८ मध्ये गूगलनेच सांगितलं की ९० टक्के सेशन (म्हणजे एका वेळचा वापर) ५ सेकंदांपेक्षा कमी वेळाची असतात. २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी ते बंद झालं. लाँचचे आकडे लोकांची उत्सुकता दाखवतात, सवय लागली की नाही ते नंतरच कळतं.

आता कंपनीच्या आतलं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाँचनंतर बहुतेक ठिकाणी सेल्सवाले ऑर्डरी मोजतात, प्रॉडक्टवाले फीचर मोजतात, सपोर्टवाले तिकिटं (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी) किती पटकन बंद झाली ते मोजतात, प्रत्येकाचा आकडा हिरवा आणि ग्राहक मात्र निघून चाललेला. सेल्सचा इन्सेंटिव्ह फक्त ऑर्डरवर असेल तर ज्याला प्रॉडक्टचा उपयोगच नाही त्यालाही ते विकलं जाणार, वर "ते फीचर येतंच आहे" असं आश्वासन दिलं जाणार, मग सपोर्ट शिव्या खाणार आणि प्रॉडक्ट टीम त्या एका माणसासाठी दोन महिने घालवणार. यात माणसं वाईट नसतात हो, त्यांना पैसे ज्याचे मिळतात ते ती करतात. म्हणून इन्सेंटिव्हचा काही भाग ग्राहक ९० दिवस टिकल्यावरच द्या. सेल्स टीम कुरकुर करेल, पण चुकीचे ग्राहक येणं बऱ्यापैकी कमी होतं. आणि हे मालकानेच करायचं काम आहे, मॅनेजरवर ढकलू नका.

सपोर्टच्या तक्रारींची टॉप तीन कारणं दर आठवड्याला प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये आलीच पाहिजेत. जे टिकले त्यांनी पहिल्या आठवड्यात काय केलं होतं तेही शोधा, नवीन माणसाला तिथपर्यंत लवकर पोचवता येतंय का बघा.

हे मोजायला साधी एक्सेल शीट पुरते, आडव्या ओळीत कोणत्या महिन्यात आले, उभ्या रकान्यांत पुढच्या प्रत्येक महिन्यात त्यांतले किती टक्के उरले. ओळीतला आकडा काही महिन्यांनी स्थिर होत असेल आणि नंतर आलेल्यांचा आधीच्यांपेक्षा वर राहत असेल, तर बिनधास्त मार्केटिंगवर खर्च करा, माणसंही घ्या. तो शून्याकडेच घसरत असेल तर अजून नको.

तुमचं प्रॉडक्ट सबस्क्रिप्शनचं नसून एकदाच विकायचं असेल तर टिकण्याऐवजी पुन्हा खरेदी, परत आलेला माल आणि जुन्या ग्राहकाच्या सांगण्यावरून आलेले नवीन लोक हे तीन आकडे धरा, बाकी सगळं तसंच.