आधी रेडिओला झोपवायला शिका
रेडिओने रीडिंग पाठवणाऱ्या वायरलेस सेन्सरची बॅटरी एक-दोन दिवसांत संपत असेल, तर दोष बहुतेक वेळा पाठवण्यात नसतो, ऐकण्यात असतो. रिसीव्हर चालू असला की कमी शक्तीचा रेडिओही साधारण ५ ते १५ मिलिअँपिअर खातो, पाठवताना लागतात जवळपास तेवढेच. सीआर२०३२ या बटण सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. १० मिलिअँपिअरने सतत ऐकत बसलात तर २२ तासांत खेळ खलास. म्हणून सेन्सरने स्वतः जागं व्हावं, रीडिंग पाठवावं, पोच येण्यापुरते काही मिलिसेकंद ऐकावं आणि झोपावं. पोच आली नाही तर लगेच पुन्हा पाठवू नका. थोडा रँडम वेळ थांबा, नाहीतर दोन सेन्सरांची पॅकेट्स एकमेकांवर आदळतच राहतील.

नवखे हमखास विसरतात ते हे: बटण सेलचा अंतर्गत रोध बराच असतो, थंडीत आणि सेल उतरत आल्यावर तो आणखी वाढतो. पाठवण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि चिप रीसेट होते. मग लोक कोडमध्ये चूक शोधत राहतात! त्या क्षणाचा करंट पुरवायला सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा, कमी गळतीचा कपॅसिटर लावून बघा.

झोपेतला करंट मात्र स्वतः मोजा. डेटाशीटमधला (चिप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातला) आकडा फक्त चिपचा असतो, तुमच्या पूर्ण बोर्डाचा नाही.