दर्याकडे पाठ करून

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही गोव्याला चाललो आहोत. मुलगी १५ वर्षांची, तिला सर्फिंग शिकायचंय आणि खरं सांगायचं तर मलाही. मी ४७ वर्षांची, बँकेत नोकरी. तरणतलावात न थांबता २० फेऱ्या मारते. मिस्टर म्हणतात, "हे आपल्या लोकांचं काम नाही. या वयात हातपाय मोडून घ्यायची हौस कशाला?" दोन तासांच्या शिकवणीत नक्की काय करून घेतात? कपडे काय घालायचे? शिकवणारा बरा आहे हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : २० फेऱ्या वाचून हसू आलं. चोपन्नाव्या वर्षी गोव्यातल्या आश्व्याच्या किनाऱ्यावर मीही अशीच बढाई मारली होती. मुंबईत २२ वर्षं बायकांना पोहायला शिकवलेली बाई मी. शिकवणारा पोरगा हरमलचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. "पोहता येतं?" त्याने विचारलं. "शिकवते," मी म्हटलं, जरा जास्तच ताठ मानेने. तो नुसतं "बरें" म्हणाला आणि मला वाळूत पालथं झोपवलं. पुढचा अर्धा तास पायाला पाणी लागलं नाही.

पोहता यायला हवंच, नाकातोंडात पाणी गेलं तर घाबरून जाऊ नये म्हणून. पण पहिल्या दिवशी तुम्ही कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे जातच नाही. तिथे कामाला येतं ते नीट पडता येणं, आणि तलावात ते कुणी शिकवत नाही. मीसुद्धा कधी शिकवलं नव्हतं.

आधी पाय ठरवतात. सरळ उभं राहायचं, मागून कुणीतरी अवचित हलकेच ढकलतं, तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो बोर्डावर पुढे. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. मी गूफी निघाले. मग मागच्या पायाच्या घोट्याला लीश बांधतात, म्हणजे बोर्डाला जोडलेला पट्टा. नवशिक्यांचा बोर्ड ८-९ फुटी, रुंद, वरून फोमचा. दिसायला बोजड, पण पाटासारखा स्थिर आणि डोक्यात बसला तर त्यातल्या त्यात मऊ.

त्यानंतर वाळूवरची कवायत. पालथं झोपायचं, तळहात बरगड्यांपाशी टेकायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली आणून आडवं उभं राहायचं, गुडघे वाकलेले. योगासनं करत असाल तर भुजंगासनातून मधलं काहीही न करता थेट वीरभद्रासनात जायचं, असं समजा. आपली अडचण अशी की जमिनीवरून उठताना आपण आधी एक गुडघा टेकतो, मग हाताचा आधार घेतो, मग "आई गं" म्हणतो. बोर्डावर तेवढा वेळ नसतो. आजपासून निघेपर्यंत रोज सकाळी सतरंजीवर दहा वेळा हे करा. मुलीला एकदाच दाखवा, तिला तेवढं पुरेल. पाण्यात पहिल्या दिवशी गुडघ्यावर उठलात तरी माझ्या मते चालेल. शिकवणारा नाही म्हणेल, त्याचे गुडघे २५ वर्षांचे असतात.

आता पाण्यात. मी वेंगुर्ल्याची. लहानपणी आजी दर वेळी बजावायची, "दर्याक पाठ करू नको गो." पन्नास वर्षं मी हे पाळलं. आणि सर्फिंगची पहिली अट काय, तर बोर्डावर पालथं पडायचं, तोंड किनाऱ्याकडे, पाठ समुद्राकडे. लाट येते मागून. ती दिसत नाही, ऐकू येते. शिकवणारा बोर्ड धरून उभा असतो, मागची लाट तो बघतो, ती जवळ आली की बोर्ड ढकलतो आणि ओरडतो, "पॅडल, पॅडल... अप!" नवशिक्यांना देतात त्या आधीच फुटलेल्या, फेस होऊन आलेल्या लाटा. त्या मागून ट्रकसारख्या आवाज करतात, पण जोर फार नसतो.

मला मात्र आजी ऐकू यायची. दर वेळी मी मान वळवून मागे बघायचे, मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की बोर्ड कलतो. सात वेळा पडले. आठव्या वेळी त्या पोराने किनाऱ्यावरच्या एका झोपडीवरची निळी ताडपत्री दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, तिच्याकडे बघा. लाट मी बघतो." उभी राहिले. तीन सेकंद असतील, जास्त नाही. ताडपत्रीचा तो निळा अजून डोळ्यांसमोर आहे. नजर पायांकडे नेऊ नका, एवढं मुलीला सांगा.

बाकी सगळ्या वेळी मात्र आजीचंच ऐकायचं. बोर्ड घेऊन आत चालताना तोंड समुद्राकडे. पडून वर आलात की आधी समुद्राकडे बघायचं, मग केस सारायचे. बोर्ड कायम शेजारी धरायचा, लाट आणि आपण यांच्या मधे आडवा कधीच नाही. मी धरला होता. लाटेने तो बरगडीवर असा आणला की दोन आठवडे हसता येत नव्हतं. ही चूक माझीच. त्याने दोनदा सांगितलं होतं आणि मी तेव्हा मागे बसलेल्या एका कुत्र्याकडे बघत होते.

पडण्याचं असं आहे, की चांगल्या पोहणाऱ्याला सूर मारायची खोड असते. तोल गेला की अंग आपोआप डोकं पुढे करतं. कमरेएवढ्या पाण्यात, खाली वाळूचा उंचवटा असताना, मानेसाठी याहून वाईट काही नाही. पोतं टाकल्यासारखं पडायचं, कुशीवर किंवा पाठीवर, पसरट, बोर्डाच्या बाजूला. पाण्याखाली क्षणभर थांबायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण लीश ताणला गेलेला बोर्ड परत तुमच्याकडेच येत असतो. वाळूत चालताना पाऊल उचलू नका, घसटत न्या. तळाशी पाकट असेल तर चाहूल लागून निघून जातं, अचानक पाय पडला तर नांगी मारतं.

कपडे : सुती टी-शर्ट नको, ओला झाला की किलोभर ओझं होतो. लांब बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा टॉप (रॅशगार्ड म्हणून मिळतो) आणि पोहण्याचीच घोट्यापर्यंतची लेगिंग. फोमवर घासून पोट आणि गुडघे सोलतात, म्हणून हे. केसांची घट्ट वेणी. मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं खोलीवर. सनस्क्रीन मानेला आणि पावलांच्या मागच्या बाजूला विसरू नका. तासभर पालथं पडायचंय.

वेळ सकाळचीच मागा. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो ते इथे उपयोगी पडतं. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, पाणी गुळगुळीत, लाट रांगेत. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की सगळं खवळतं आणि कुठली लाट कुठून आली कळत नाही. डिसेंबरात गोव्याच्या लाटा लहान असतात, गुडघ्यापासून फार तर छातीपर्यंत, म्हणजे तुमच्यासाठी उत्तम. एखाद्या दिवशी समुद्र इतका शांत असेल की शिकवणीच रद्द होईल, म्हणून सुट्टीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पेडणे तालुक्यातले आश्वे, मांद्रे आणि हरमल हे किनारे वाळूच्या तळाचे, उताराला सौम्य आहेत. हरमलच्या उत्तर टोकाला खडक आहेत, तिकडे जाऊ नका.

शिकवणारा कसा ओळखायचा? मी एकच बघते : तो पैसे घेण्याआधी समुद्राकडे बघतो का. मग विचारा, एका माणसामागे शिकणारे किती? चारच्या वर असतील तर दुसरीकडे जा. जीवरक्षकाचं प्रशिक्षण झालंय का? आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं, म्हणजे आयएसएचं, शिक्षकांसाठी प्रमाणपत्र असतं, ते असेल तर तो स्वतःच उत्साहाने दाखवेल. वाळूवरची कवायत गाळून थेट पाण्यात नेणारा असेल तर सरळ नाही म्हणा.

राहिले मिस्टर. वेंगुर्ल्यात माझ्या लहानपणी कोळ्यांची पोरं फुटक्या होडीची फळी पोटाखाली धरून लाटेवरून घसरायची. उभी राहत नव्हती इतकंच. आणि भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून जिचं नाव घेतात ती इशिता मालवीय मुंबईत वाढलेली. मणिपालला शिकायला गेली, २००७ मध्ये सर्फिंगला लागली आणि पुढे उडुपीजवळ कोडी बेंगरे इथे शिकवू लागली. टोकियोच्या ऑलिम्पिकपासून, म्हणजे २०२१ पासून, हा ऑलिम्पिकचाही खेळ आहे. हे सगळं त्यांना सांगून उपयोग होईलच असं नाही. त्यांना किनाऱ्यावर काम द्या. लाल झेंडा लागला तर हाक मारायची, पाण्याची बाटली सांभाळायची आणि तुमचा फोटो काढायचा. माझ्या तीन सेकंदांचा कुणी काढला नाही.

आणि रात्री जेवायला बसलात की एक गंमत होईल. ताटावर वाकाल आणि नाकातून खारं पाणी थेट हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, पडेल. सायनसमध्ये साठलेलं असतं, तासन्‌तास निघत राहतं. हॉटेलात जाणार असाल तर रुमाल जवळ ठेवा.

प्रश्न : माझा चष्म्याचा नंबर उणे ५ आहे. लेन्स घालून पाण्यात उतरू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. पहिल्या दोन गटांगळ्यांत लेन्स जातील, आणि राहिल्या तर समुद्राचं पाणी लेन्सखाली अडकून डोळ्याला संसर्ग व्हायची भीती. चष्मा किनाऱ्यावर ठेवा आणि शिकवणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे तो हातवारे न करता ओरडून सांगेल. पहिल्या शिकवणीत दिसायला हवा तो फक्त किनारा, आणि तो बराच मोठा असतो.

प्रश्न : मी १९ वर्षांचा. आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे. एक जण जुना बोर्ड स्वस्तात देतोय. व्हिडिओ बघून एकट्याने शिकलो तर?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकट्याने नाही. समुद्राशेजारी वाढलेल्यांनाच हे सांगावं लागतं, कारण आपल्याला वाटतं की आपली ओळख आहे.

तुझ्या किनाऱ्यावर ओढ कुठे लागते हे तुला ठाऊक आहे का? लाटांनी आत आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून जातं. किनाऱ्यावरून बघितलं तर तिथे लाटा कमी फुटतात, फेस कमी, पाणी जरा गढूळ आणि शांत दिसतं. पाहुणे नेमके तिथेच उतरतात. गणपतीपुळ्याच्या बातम्या आपण दर मोसमात वाचतो. ही ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. तिच्याविरुद्ध पोहत बसलास तर दमशील आणि दमलास तर संपलं. किनाऱ्याला समांतर सरकायचं, पट्टा ओलांडला की लाटांबरोबर आत यायचं. बोर्ड असेल तर तो सोडायचा नाही, तीच तुझी होडी. त्यावर पालथं पडून हात वर कर. पण तो वर केलेला हात बघायला किनाऱ्यावर कुणी असेल तर उपयोग.

भरतीचं गणित घरात आजोबांना विचार. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. दक्षिणेकडे जावं तशी थोडी अलीकडे. पूर्ण भरतीला चढाच्या किनाऱ्यावर लाट थेट वाळूवर आपटते, तिथे बोर्ड नेऊ नकोस. ओहोटी जोरात असताना ओढ वाढते. मधला काळ बरा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर विचारही नको.

तुझ्यासाठी सोपा मार्ग कोकण रेल्वेचा आहे. मंगळुरूच्या अलीकडे मुल्की स्टेशनला उतर. शांभवी नदीच्या मुखाजवळच्या या गावात २००४ पासून सर्फिंग शिकवलं जातं, देशातल्या सुरुवातीच्या जागांपैकी ही एक. चार दिवस तिथे शीक, मग गावातल्या दोन मित्रांना पटव आणि तिघे मिळून आपल्या समुद्रात उतरा, एक जण कायम वाळूवर.

बोर्डाचं म्हणशील तर आधी त्याची लांबी मोज. फायबरचा आणि सात फुटांच्या आतला असेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नकोस, त्यावर नवशिक्याला पालथं पडणंसुद्धा जमत नाही. कडांना भेगा आहेत का तेही बघ. पाणी प्यायलेला बोर्ड उचलल्याबरोबर कळतो.