वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही घरांतली मुलं असतील तर इंग्रजी व्याकरण कसं शिकवावं?

मॅडम, बदली होऊन सोलापुरात आलात, आठवीचा वर्ग मिळाला, काळांचा तक्ता पाठ करून घेतला तरी पोरं एक वाक्य धड बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी इथं पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत 19 वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि पहिली काही वर्षं तुमच्यासारखाच तक्ता घोकून घेत होतो. रिकाम्या जागा भरायला दिल्या की वहीत सगळं बरोबर यायचं. तोंड उघडलं की घोळ.

माझं डोकं ठिकाणावर आणलं एका मुलीने. गड्डा यात्रा, म्हणजे इथली सिद्धेश्वराची जत्रा, चालू होती. सकाळी वर्गात सहज विचारलं, काल काय केलं, इंग्रजीत सांगा. ती उठून म्हणाली, "आय हॅड गॉन टू गड्डा." मी फटकन म्हणालो, "हॅड नाही, वेंट!" तर ती तोंड बारीक करून म्हणते, "पण सर, मी गेले होते ना!"

बरोबरच होतं तिचं. मराठीत आपण "काल गड्ड्याला गेले होते" असंच म्हणतो. तिनं त्या "होते"ला इमानदारीने "हॅड" लावला. इंग्रजीत मात्र हा हॅड जुन्या गोष्टीला लागत नाही, दोन जुन्या गोष्टींपैकी आधीच्या गोष्टीला लागतो. हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल, पण डोक्यात शिरलं ते फरशीवर. खडूने लांब रेघ मारायची, एका टोकाला "आज". एका पोराला "मी स्टँडवर पोचलो" म्हणून उभं करायचं, दुसऱ्याला त्याच्या मागे "बस सुटली" म्हणून. हॅडचं कार्ड मागच्याच्या हातात: द बस हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टँड. आता पुढच्याला जागेवर बसवा. मागचा एकटा उरला की पोरंच ओरडतात, "सर, त्याचं कार्ड काढून घ्या!" (कार्डांना खर्च नको. लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू वापरा, लग्नसराईत ढीग जमतो.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चूक दिसली की आधी ती घरच्या कुठल्या वाक्यातून आली ते शोधा. तीन भाषांचं तुम्हाला ओझं वाटतंय, पण या तिघी वाक्याच्या बाबतीत सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. तिन्हींत क्रियापद शेवटी येतं. "मला ताप आलाय" हे वाक्य तेलुगूवाल्या पोराला फळ्यावर लिहू द्या: नाकु ज्वरं वच्चिंदि. कन्नडवाल्याला लिहू द्या: ननगे ज्वर बंदिदे. मला, नाकु, ननगे एकाखाली एक आले की विचारा, यात ताप काय करतोय? येतोय! इंग्रजीत तो येत नाही, माणसाकडे असतो: आय हॅव अ फीवर. "फीवर केम टू मी" कुठून आलं ते पोरांना त्या दिवशी कळलं. शिवाय एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा, घरी कन्नड बोलणारा पोरगा त्या दिवशी फळ्यापाशी होता.

आर्टिकलचं दुखणं वेगळं. "द"ला या तिन्ही भाषांत नेमका जोडीदार नाही, त्यामुळे पोरं निबंध संपला की अंदाजाने दोन-चार "द" पेरतात. टेबलावर पाच पेनं ठेवा आणि म्हणा, गिव्ह मी अ पेन. कुठलंही चालेल. मग चार उचलून एकच ठेवा: गिव्ह मी द पेन. मग पुन्हा पाच ठेवून "द पेन" मागा. पोरगं थबकतं आणि विचारतं, "कुठलं, सर?" तिथं थांबा. व्याख्या नंतर सांगा, नाही सांगितली तरी चालतं.

जोड्या लावून बोलायला लावलं की साठ पोरांचा आवाज होतोच. शेजारच्या वर्गातले सर दोनदा दारात येऊन गेले. मी आता असे खेळ शनिवारी सकाळच्या शाळेत घेतो. मुलं बोलत असताना मध्ये टोकत नाही, चुका चिठ्ठीवर टिपतो आणि शेवटी त्यातल्या तीनच, नाव न घेता, फळ्यावर घेतो. तीनच. दहा घेतल्या की पुढच्या शनिवारी कोणी तोंड उघडत नाही, हे मी अनुभवलंय.

परीक्षेत रिकाम्या जागा येणारच, त्यांना रोज शेवटची दहा मिनिटं पुरतात. आणि 2000 सालापासून आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे आठवीच्या पोराकडे शब्द बऱ्यापैकी असतात, अडतं ते जुळणीत. सोमवारी हॅडपासून सुरुवात करा. काल काय केलं एवढंच विचारा आणि पहिली पाच उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवा.