एकट्या माणसाची आणि प्राण्याची मैत्री असलेली, मराठीत मिळणारी कादंबरी कोणती?

‘पाडस’ घ्या. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द इयरलिंग’चा (1938) राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ पुस्तकाला 1939 चं पुलित्झर हे अमेरिकेतलं पारितोषिक मिळालंय, पण वाचायचं ते पटवर्धनांच्या मराठीसाठी.

फ्लोरिडाच्या जंगलातली शेती, आई-बाप आणि त्यांचा मुलगा ज्योडी. भावंडं लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात खेळायला कुणी नाही. बापाला साप चावतो. विष ओढून घ्यायला काळीज हवं म्हणून तो तिथंच एक हरिणी मारतो आणि तिचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. मग मक्याचे कोंब वर येतात आणि पाडस ते खातं. पुढचं सांगत नाही.

बेळगावजवळच्या आपल्या खानापूर भागातल्या वाचकाला ही कादंबरी वेगळीच लागते, असं माझं मत. गव्यांनी भात तुडवलेलं, रानडुकरांनी रताळी उकरलेली ज्यांनी पाहिलीत, त्यांना बाप दुष्ट वाटतच नाही. शहरातला वाचक त्याच्यावर चिडतो. आपण गप्प बसतो. दोघंही बरोबर, आणि लेखिका कुणाची बाजू घेत नाही.

सुरुवात संथ आहे, पन्नासेक पानं धीर धरा. शिकारीची वर्णनंही बरीच आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना द्यायची तर शेवट आधी स्वतः वाचा. विकत घेण्याआधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा.